भुईवर भुई

सेमाडोहच्या चारी अंगांना सागवान आहे. परतवाड्याहून घटांगचा घाट चढून हरिसाल-धारणीकडे निघालेली एस.टी. सिपनेच्या काठाने गावात येते, तोवर खिडकीतून दुसरं फारसं काही दिसलेलं नसतं. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच या जंगलाचे मोठे पट्टे राखीव करून टाकले. १९७४मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा नंबर लागला, आणि आज प्रकल्पाचं एकूण क्षेत्र २,७६८ चौरस किलोमीटरच्या घरात आहे. एवढ्या लाकडाच्या मधोमध वसलेल्या गावात एखाद्या घरी पाहुणा आला, की भिंतीशी गुंडाळून ठेवलेली प्लॅस्टिकची चटई उलगडली जाते. चटईवर लाकडी पट्ट्या छापलेल्या असतात, आणि त्या पट्ट्या बहुधा ओकच्या. ओक मेळघाटात उगवत नाही.

बाहेरून येणाऱ्याला यात विनोद दिसतो. ज्याच्या घरात चटई आहे त्याला दिसत नाही, आणि त्याचंच बरोबर आहे. सागाला हात लावायचा तर परवानगी हवी, लाकडावर वनखात्याच्या हातोड्याची खूण हवी, वाहतुकीचा पास हवा. चटई परतवाड्याच्या बाजारात फुटावर मिळते, डोक्यावर घेऊन येता येते आणि ओल्या फडक्याने पुसली जाते. हीच हौस घाट उतरून अमरावतीच्या रुक्मिणीनगरात किंवा अकोल्याच्या जठारपेठेत पोचली की तिचं नाव ‘वूडन फ्लोअरिंग’ होतं. दुकानदार तोंडाने वूडन म्हणतो आणि बिलावर लॅमिनेट लिहितो. घराचं नूतनीकरण काढलेल्या माणसाला तो एक वाक्य हमखास ऐकवतो: जुनी फरशी काढायची गरज नाही, वरूनच बसते.

वरून बसते हे खरं आहे. प्रश्न आहे तो खाली काय आहे याचा. वऱ्हाडात तर तो फार मोठा प्रश्न आहे, कारण इथली भुई शांत पडून राहणाऱ्यांतली नाही.

मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या ढाण्यात, म्हणजे वस्तीत, घरं दोन रांगांत समोरासमोर असतात. भिंत म्हणजे बांबूचे तट्टे आणि त्यावर मातीचा लेप. भुई करायची तर आधी मुरूम-माती भरायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपत जायचं, वाळू द्यायचं, भेगा पडल्या की बुजवून पुन्हा चोपायचं. मग शेणकाला. पुढे सणासुदीला, लग्नकार्याला आणि एरवीही आठ-पंधरा दिवसांनी सारवण. हे सारवण म्हणजे जुन्या भुईवर घातलेली नवी भुईच. प्रत्येक वेळी केसाएवढा थर चढतो. वर्षानुवर्षं थरांवर थर साचले की कधीतरी पापुद्रे सुटायला लागतात. तेव्हा खरवडून काढायचं आणि नव्याने सुरुवात करायची. सपाटीच्या गावांतही वाड्याची ओसरी सोडली तर माजघरापासून गोठ्यापर्यंत हीच रीत होती. तेव्हा जुनी जमीन न काढता वर नवी घालणं ही काही लॅमिनेटबरोबर स्वीडनहून आलेली कल्पना नव्हे. वऱ्हाडातल्या बाया ती पिढ्यान् पिढ्या हाताने करत आल्या आहेत.

फरक इतकाच की शेणामातीचा थर ओल अडवत नव्हता. पावसाळ्यात खालून आलेली ओल त्यातून वर येऊन हवेत जायची, भुई गार लागायची, उन्हाळ्यात वाळून भेगाळायची. दुखणं वर दिसत होतं आणि वरूनच लिंपता येत होतं.

सारवलेल्या भुईचं कौतुक करणारे लेख दिवाळी अंकांतून भरपूर आले आहेत. ते लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पहाटे उकिडवं बसून घरभर पोतेरं फिरवलेलं असतं. कंबर मोडणारं हे काम घरात कायम एकाच्याच, म्हणजे बाईच्या वाट्याला आलं. आणि मातीची भुई रांगत्या पोराला सोसतेच असंही नाही. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू टिकून राहू शकतात, ओल्या मातीत जंतांची अंडी राहतात.

या बाबतीत मेक्सिकोचं उदाहरण मेळघाटात काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. त्या देशातल्या कोआविला राज्याने २००० साली ‘पिसो फिर्मे’ नावाची योजना सुरू केली. पिसो फिर्मे म्हणजे पक्की जमीन. गरिबांच्या मातीच्या जमिनीवर सरकारने सिमेंट काँक्रीट ओतून दिलं. भिंती नाहीत, छप्पर नाही, फक्त जमीन. मातियास कात्तानेओ, सेबास्तियान गालियानी, पॉल गर्टलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घरांची तुलना शेजारच्या राज्यातल्या तशाच घरांशी केली. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा हिशेब असा, की घरातली सगळी मातीची जमीन पक्की झाली तर लहान मुलांमधले जंत ७८ टक्क्यांनी, जुलाब ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी कमी होतो. मुलांची बौद्धिक चाचणीतली कामगिरी सुधारली आणि आयांमधलं नैराश्यही घटलं. १९९०च्या दशकापासून मेळघाटचं नाव बालमृत्यू आणि कुपोषणाच्या बातम्यांत येत आलं आहे. आहार, दवाखाना, रस्ता, रोजगार यांवर पुष्कळ बोललं गेलं. पोर दिवसभर ज्यावर रांगतं त्या जमिनीवर मात्र फारसं कोणी बोललं नाही.

घरकुलाने ही जमीन थोडी बदलली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६पासून सपाटीच्या गावांत एक लाख वीस हजार आणि डोंगराळ भागात एक लाख तीस हजार रुपये मिळतात; घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. आदिवासींसाठी राज्याची शबरी घरकुल योजना वेगळी आहे. एवढ्या पैशांत भिंत आणि छत होईपर्यंत दम निघतो आणि जमिनीच्या वाट्याला सिमेंटचा कोबा येतो. कोबा नीट झाला, म्हणजे खाली मुरूम दाबला, मग खडी-काँक्रीट घातलं, वर घोटून गुळगुळीत केलं आणि आठवडाभर पाणी मारलं, तर तो निदान एक पिढी टिकतो. पाणी मारलं नाही तर दोन पावसाळ्यांत त्याची भुकटी सुटते, झाडू मारावा तितकी धूळ वाढते. मग त्याच्यावर येते ती ओकची चटई. कुठे कुठे बाई कोब्यावरही सारवते, आणि तिला हसण्याचं कारण नाही. सुटलेली धूळ बसवायचा तिच्या हाताशी असलेला तोच एक स्वस्त उपाय आहे.

आता खरोखरच्या लॅमिनेटकडे येऊ. स्वीडनच्या दक्षिणेला पेर्स्टोर्प नावाच्या गावी त्याच नावाची रसायन कंपनी होती. १९७७मध्ये तिने टेबलांवर लावतात त्या जातीचा कडक थर जमिनीसाठी करून पाहिला, आणि १९८४पासून ‘पेर्गो’ या नावाने तो युरोपात विकायला काढला. वस्तू चार थरांची असते. सगळ्यात वर मेलामाइन राळेत बुडवलेला पारदर्शक कागद, त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण. चपलेच्या वाळूपासून पट्टी वाचते ती यांच्यामुळे. त्याखाली छापील कागद, म्हणजे तुमचा साग, ओक किंवा अक्रोड. मग दाबलेल्या लाकडी तंतूंचा घट्ट बोर्ड, घनमीटरला आठशे किलोच्या पुढे घनता असलेला. तळाला तोल राखणारा आणखी एक कागद. सुरुवातीच्या पट्ट्या एकमेकींना सरसाने चिकटवत. १९९६-९७च्या सुमाराला स्वीडनच्या वेलिंगे आणि बेल्जियमच्या युनिलिन या कंपन्यांनी खटक्याचे सांधे आणले आणि सरस गेला. पट्टी तिरपी धरून खाचेत घालायची, खाली दाबायची, खट्ट आवाज आला की बसली.

या जमिनीला खिळा नाही, सिमेंट नाही. ती खालच्या फरशीला कुठेही जोडलेली नसते, दोन-तीन मिलिमीटर फोमच्या गादीवर तरंगती असते. जुन्या फरशीवर बसते ती म्हणूनच. आणि तिचे सगळे लाड पुरवावे लागतात तेही म्हणूनच.

जुनं न काढण्याचा मोह समजण्यासारखा आहे. दहा बाय बाराची खोली म्हणजे अकरा चौरस मीटर. तिची जुनी मोझॅक फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून सात सेंटिमीटर जरी धरला, तरी दीड टनाच्या आसपास मलबा निघतो. तिसऱ्या मजल्यावरचा हा दीड टन घमेल्यांनी खाली न्यायचा, ट्रॅक्टर बघायचा, सोसायटीच्या सचिवाची बोलणी खायची. मलब्यासाठी केंद्राचे नियम आहेत, तरी तो बऱ्याचदा गावाबाहेरच्या नाल्यात जातो. फरशीवर रसायनाने दुसरी टाइल चिकटवली तर फोडाफोड वाचते, पण स्लॅबवर खोलीमागे पाव टनापेक्षा जास्त बोजा चढतो. आठ मिलिमीटरच्या लॅमिनेटचं वजन त्याच खोलीत पाऊणशे किलो. कपाटं सरकवायची, संध्याकाळपर्यंत जमीन तयार, रात्री त्यावर चालता येतं. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर दुसरा विचार कशाला करायचा? वरच्या मजल्यावरच्या, कोरड्या, सरळ फरशीच्या झोपायच्या खोलीत लॅमिनेट घालावं, खुशाल घालावं, असंच माझं मत आहे.

अडचण सुरू होते ती तळमजल्यावर. आणि वऱ्हाडातली जुनी घरं बहुतेक तळमजल्याचीच.

अमरावती-अकोल्याकडचं जुनं घर खणलं तर जमिनीत पिढ्या सापडतात. तळाला चोपलेली माती. तिच्यावर शहाबादी, कर्नाटकातल्या शहाबादच्या खाणींतून रेल्वेने आलेली. स्वयंपाकाच्या ओट्याला काळी कडप्पा. नंतरच्या पैशात मोझॅक. भारतात ती रुजवणारी मुंबईची भारत टाइल्स ही सिधवा कुटुंबाची कंपनी स्वदेशीच्या हवेत १९२२मध्ये निघाली. मग पांढरी चकचकीत टाइल, जिला कंपनी कुठलीही असो सगळे स्पार्टेकच म्हणत. मग मोरबीची व्हिट्रिफाइड. काही घरांत यांतले दोन-तीन थर एकावर एक आहेत आणि दाराचा उंबरठा जवळजवळ बुडाला आहे.

आणि या सगळ्याच्या खाली काळी माती. कापसाला ती उत्तम, घराला अवघड. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते; मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, जुलैत त्या मिटतात. जोत्याखाली पुरेसा मुरूम भरलेला नसेल तर हीच हालचाल फरशीपर्यंत येते. मधोमध फुगवटा, भिंतीकडे खचलेली कड, टाइलखाली पोकळी. अनुभवी मिस्त्री दुकानातला कॅटलॉग उघडायच्या आधी हातोडीच्या दांड्याने खोलीभर ठोकत फिरतो. भरीव आवाज आला तर पुढे, पोकळ आला तर तिथे खडूने फुली. फुल्या दोन-चार असतील तर तेवढ्या टाइल काढून मसाला भरायचा. निम्म्या खोलीत फुल्या पडल्या तर फरशी काढायचीच, मग दुकानदार काहीही म्हणो.

त्यानंतर पाणसळ आणि लांब पट्टी. दोन मीटर लांबीच्या पट्टीखाली एका सुताहून, म्हणजे तीन मिलिमीटरहून जास्त फट दिसता कामा नये. आपल्याकडे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. युरोपातल्या कंपन्यांच्या पुस्तिका जवळपास हेच माप मागतात, ही मला गंमत वाटते. खड्डा सूत-दोन सूत असेल तर लेव्हलिंगची भुकटी कालवून भरायची. तो फोमने भरून निघेल असं कोणी सांगितलं तर माणूस बदलावा. पट्टीखाली पोकळी राहिली की चालताना ती लवते, करकरते, आणि खटक्याची पातळ जीभ कधीतरी तुटते. तुटली की ती पट्टी बदलायला भिंतीपासून तिथवरच्या सगळ्या पट्ट्या उकलाव्या लागतात.

ओलीचं काय? शहाबादीच्या सांध्यांतून जमिनीतली ओल गुपचूप बाहेर पडत असते. तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद, फोम आणि लॅमिनेट घातलं की तो रस्ता बंद होतो. ओल मरत नाही. ती वाट काढत भिंतीकडे जाते आणि दोन-अडीच फुटांपर्यंत वर चढते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या तालुक्यांच्या बऱ्याच भागात, ती एकटी येत नाही. मीठ घेऊन येते. तिथल्या विहिरीचं पाणी पिववत नाही आणि भिंतींना लोणा लागतो, गिलाव्याच्या खपल्या पडतात. अशा घरात जमीन वरून झाकणं म्हणजे दुखणं भिंतीत ढकलणं. तिथे लॅमिनेट घालूच नये असं मी म्हणेन, आणि हे सांगणारा दुकानदार मिळाला तर बाकीची खरेदीही त्याच्याकडूनच करावी.

मेळघाटातून सपाटीवर आणलेल्या गावांचा विषय इथे आठवतो. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली कुंड, बोरी, कोहा ही गावं या शतकाच्या सुरुवातीला उठली आणि अकोटकडे वसली. पुढे आणखी बरीच उठली. २००८पासून कुटुंबामागे दहा लाख आणि २०२१पासून पंधरा लाख रुपये असा केंद्राचा दर झाला. पुनर्वसनाबद्दलच्या तक्रारी जमिनीच्या, पाण्याच्या, आजारांच्या होत्या. जानेवारी २०१९मध्ये तर केलपाणी-गुल्लरघाट भागात जंगलात परत गेलेले गावकरी आणि वन-पोलिसांचा ताफा यांच्यात संघर्ष झाला. या मोठ्या दुःखापुढे फरशीची गोष्ट किरकोळच. तरी एक नोंदवून ठेवतो. डोंगरउताराच्या मुरमाड जमिनीवर घर बांधायचं कसब पिढ्यांनी शिकलेल्या माणसाला आपण काळ्या मातीच्या सपाटीवर आणलं. तिथला पाया वेगळा, जोतं वेगळं, ओल वेगळी. घराचे पैसे दिले जातात; तिथे घर कसं बांधायचं ही माहिती मात्र कोणी देत नाही.

वाळवीला इकडे उधई म्हणतात. लॅमिनेटचा गाभा लाकडी तंतूंचा, आणि राळ घातल्याने तो उधईला वर्ज्य होतो असं मुळीच नाही. ती जोतं आणि फरशी यांच्यामधल्या फटीतून वर येते, फोमखालच्या अंधारात तिला कोणी पाहत नाही, आणि वरचा कडक थर शेवटपर्यंत शाबूत दिसतो. मग एके दिवशी पाय रुततो. सारवलेल्या भुईवर उधईची मातीची नळी सकाळी दिसायची आणि झाडूने मोडली जायची. इथे ते दिसणंच बंद होतं. म्हणून तळमजल्यावर काम करायचंच असेल तर भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडणं आधी, पट्ट्या नंतर. मेळघाटात तर मी हा प्रयोग सुचवणारही नाही. सेमाडोहला पाऊस सुरू झाला की कपडेसुद्धा वाळत नाहीत, आणि उधईला तिथे काहीच कमी नाही. चिखलदऱ्याच्या हॉटेलांना मात्र ग्राहकाला खोली ‘उबदार’ दाखवायची असते. अकराशे मीटर उंचीवर, जुलै-ऑगस्टच्या धुक्यात उघड्या खिडकीशी लॅमिनेट घालायचं, मग फुगलेल्या कडांवर पायपुसणं टाकून ठेवायचं.

आणि वऱ्हाडाची खास गोष्ट, कूलर. एप्रिल-मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. मग खिडकीत कूलर बसतो, वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून पाणी झिरपतं आणि खोलीत दमट गारवा भरतो. दुपारी दमट, वीज गेली की कोरडं, जूनच्या शेवटी पुन्हा दमट. लाकडी तंतू हे सगळं शोषतात आणि सोडतात. पट्टी लांबी-रुंदीला कमी-जास्त होते. त्यासाठी भिंतीशी आठ-दहा मिलिमीटरची मोकळी फट सोडतात आणि वरून स्कर्टिंगने झाकतात. नवशिका कारागीर ही फट ‘फिनिशिंग चांगलं दिसावं’ म्हणून खाऊन टाकतो. मग जुलैमध्ये खोलीच्या मध्यावर जमीन तंबूसारखी उठते. ती दाबून बसत नाही. स्कर्टिंग काढून कडेच्या पट्ट्या कापाव्या लागतात.

फट सोडली तरी दुसरा घोळ राहतो. आपल्या घरात वर्षाचा गहू भरलेली कोठी एका भिंतीला आणि लोखंडी कपाट समोरच्या भिंतीला असतं. दोन्हींखाली तरंगती जमीन चेपली की ती तरंगायची थांबते. तिला पसरायला जागा असून उपयोग होत नाही. जड सामान एकाच बाजूला घ्यावं, कोठी शक्यतो खोलीबाहेर काढावी. कूलरच्या खिडकीखाली हातभर रुंदीची टाइल तशीच ठेवून लॅमिनेट तिथे थांबवावं. पंप बदलताना, टाकी उपसताना, मुलांनी नळी ओढताना पाणी सांडणारच आहे, आणि सांध्यातून आत गेलेलं पाणी या बोर्डाला कायमचं फुगवतं. लाकूड वाळलं की सरळ होतं, हा दाबलेला तंतू होत नाही.

पाण्याचा प्रश्न आपल्या सवयींचाही आहे. दिवाळीच्या आधी घर धुणं म्हणजे आपल्याकडे खरोखर धुणं: बादल्या ओतायच्या, खराटा मारायचा, पाणी दारातून अंगणात लोटायचं. लॅमिनेट आल्यावर हे बंद. घट्ट पिळलेलं फडकं, तेही लगेच कोरडं. ज्या घरात सासूबाईंना धुतल्याशिवाय घर स्वच्छ वाटत नाही तिथे हा खर्च करण्याआधी त्यांच्याशी बोलावं. त्या बादली घेऊन येतील तेव्हा कंपनीची हमी कामाला येणार नाही. देवघरापुढे अभिषेकाचं पाणी आणि तेलाचे थेंब, मोरीच्या दारात ओले पाय, स्वयंपाकघरात सगळंच. या जागा टाइलला सोडाव्यात. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणून जी दुसरी जात दाखवतो ती एसपीसी, म्हणजे चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी. ती पाण्याने फुगत नाही, हे खरं. पण पश्चिमेच्या मोठ्या खिडकीतून वैशाखाचं ऊन दुपारभर तिच्यावर पडलं की ती तापून पसरते. तिथेही फट हवी आणि पडदाही हवा.

दारांची गोष्ट कोणीच आधी सांगत नाही. आठ मिलिमीटरची पट्टी, तीनचा फोम. जमीन एक सेंटिमीटरहून जास्त वर येते. लाकडी दाराला रंधा मारता येतो. मोरीचं फायबरचं दार कापता येतं. लोखंडी सेफ्टी डोअर अडलं तर वेल्डर बोलवावा लागतो, आणि त्याच्या ठिणग्या नव्या जमिनीवर पडू नयेत म्हणून ओलं पोतं अंथरायचं तर तेही चालत नाही. शिवाय खोली वर आणि स्वयंपाकघर खाली अशी पायरी तयार होते, बोटभर उंचीची, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला ठेच लागायला नेमकी पुरेशी. तिथे उताराची पट्टी लागते. ती कोटेशनमध्ये नसते.

चांगलं काय, तेही सांगतो. हिवाळ्यात पायांना ही जमीन गार लागत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना व्हिट्रिफाइडपेक्षा बरी वाटते. ती घसरडीही कमी. घर भाड्याचं असेल तर जाताना उकलून नेता येते, खालची फरशी जशीच्या तशी राहते. घेताना घरासाठी एसी ३, दुकानासाठी एसी ४ असा झिजेचा दर्जा विचारावा. फॉर्मल्डिहाइडसाठी ई १ लिहिलेलं पाहावं, नाहीतर बंद खोलीत डोळे चुरचुरतात.

लाकडाचं चित्र नको, लाकूडच हवं असं म्हणणाऱ्यासाठी मेळघाटाकडे एक उत्तर आहे आणि ते साग नव्हे. धारणी तालुक्यात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. तिथे कोरकू कारागिरांनी बांबूची घरं, फर्निचर, वस्तू बनवल्या. सुनील देशपांडे २०२१मध्ये गेले. बांबू कायद्याने ‘झाड’ धरला जायचा. नोव्हेंबर २०१७मध्ये वन कायद्यातल्या दुरुस्तीने जंगलाबाहेर लावलेला बांबू त्यातून सुटला, आणि शेताच्या बांधावरचा बांबू तोडायला, न्यायला मोकळीक मिळाली. दाबलेल्या बांबूच्या पट्ट्यांची जमीन जगभर विकली जाते आणि ती लॅमिनेटहून कणखर असते. वऱ्हाडाच्या बांधावरचा बांबू वऱ्हाडाच्या दिवाणखान्यात जमीन म्हणून यायला मात्र मधला कारखाना लागतो. तोवर छापील ओक.

शेवटी हंगामाचं. सगळ्यांना काम दिवाळीच्या आधी हवं असतं, आणि नेमकी तेव्हा घाई महागात पडते: पावसाळ्याची ओल भिंतीत आणि फरशीत अजून मुरलेली असते, कारागीर एका दिवसात दोन घरं धरतो. मे महिन्यात बसवलेली पट्टी आक्रसलेली असते, पावसात ती जास्त पसरते. भर पावसात बसवलेली फुगलेली असते, एप्रिलमध्ये तिचे सांधे उघडतात. तुळशीच्या लग्नापासून संक्रांतीपर्यंतची हवा मधली. खोकी आणून त्याच खोलीत दोन दिवस आडवी ठेवायची, मग कामाला लागायचं. घर तळमजल्याचं असेल तर त्याच्याही आधी दोन फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा जुन्या फरशीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर, जमल्यास दोन रात्री राहू द्यावा. खाली थेंब दिसले, तर लॅमिनेटवाल्याला फोन करू नका. प्लंबरला करा, आणि मोरीचा पाइप कुठून गळतोय ते आधी बघा.